मागचं इंजिन

आयर्लंडमधल्या लिमरिकला त्या घरात राहायला गेले, त्या पहिल्याच दिवशी मी गॅस बंद केला आणि घरमालकांनी तो बंद झाल्याचं मान्य केलं नाही.

"तुम्ही बंद केलात, बरोबर आहे," ते म्हणाले. "पण पाहिला कोणी?"

"मीच पाहिला ना काका. बंद करताना."

"करणाऱ्यानं पाहिलेलं धरत नाहीत."

फ्रिजवर एक कागद लावलेला होता. त्यावर कामं लिहिलेली: गॅस, मागचं दार, इस्त्री, पाणी तापवायचं इमर्शन. पुढे 'केलं' आणि 'पाहिलं' असे दोन रकाने, आणि दोन्हींत वेगवेगळ्या माणसाची सही हवी. घरात माणसं तीन. काका, काकू आणि भाडेकरू म्हणून मी. काकू हॉस्पिटलमध्ये नर्स, त्यांच्या ड्यूटीचा काही नेम नाही. म्हणजे सकाळी युनिव्हर्सिटीला निघताना मी इस्त्री बंद करायची आणि काका आंघोळ करून बाहेर येईपर्यंत ताटकळत उभं राहायचं, तर का, त्यांनी येऊन बटण पाहावं म्हणून. माझ्या दोन बस त्यात गेल्या. तिसरी गेली तेव्हा मी चिडून म्हटलं, "काका, हे घर आहे, विमान नाही!"

"घरात माणसं नसतात का?" त्यांनी शांतपणे विचारलं आणि सही केली.

काकांचं सगळं आयुष्य विमानं दुरुस्त करण्यात गेलं. आधी नाशिककडे, मग काकूंना इथे नोकरी लागली म्हणून आयर्लंडला, शॅननच्या एका हँगरमध्ये. त्या धंद्यात एक रीत आहे. जी गोष्ट सुटली तर विमान पडेल, ती एकाने जोडायची आणि दुसऱ्याने तपासायची. दुसऱ्याने पहिल्याला काही विचारायचं नाही आणि पहिल्याने काही सांगायचं नाही. काका म्हणायचे, "'मी सगळं घट्ट केलंय, तू जस्ट एकदा बघून घे,' असं म्हटलं ना, की बघणाऱ्याचे डोळे गेलेच म्हणून समजा. त्याला मग घट्टच दिसतं."

रिटायर झाल्यावर ही रीत त्यांनी घरी आणली. डाळीत मीठ काकू घालायच्या आणि चव मी बघायची. काकूंनी किती घातलंय हे त्यांनी मला सांगायचं नाही. काकू एकदा मला हळूच म्हणाल्या, "अगं, आमचं लग्न ठरायचं होतं तेव्हा मला बघायला दोनदा आले होते. एकदा हे, एकदा ह्यांचा मित्र. आणि दोघांनी एकमेकांना काही सांगितलं नव्हतं म्हणे." खरं असेल. काकांच्या बाबतीत काहीही खरं असू शकतं.

मला ते 'तुम्ही' म्हणायचे. मी चोवीस वर्षांची, त्यांच्या मुलीच्या वयाची. मी शंभरदा सांगितलं, "काका, अगं म्हणा ना." नाही. "ज्याच्या हातात पाना आहे त्याला अरे-तुरे करायचं नाही. उद्या त्याला माझी चूक दाखवायची वेळ आली तर त्याची जीभ अडखळेल." मी मेकॅनिकलची मास्टर्सची विद्यार्थिनी, हातात कायम लॅपटॉप. पाना मी त्यांच्याच गॅरेजमध्ये पहिल्यांदा नीट धरला, आणि तोही आधी उलटा.

डावं-उजवं हे तर त्यांचं वेगळंच प्रकरण. 'तुमच्या डावीकडे' हा शब्दप्रयोग त्या घरात चालत नसे. माणूस फिरतो, तोंड वळवतो, त्याच्या डाव्याचा काय भरवसा? डावं म्हणजे घराचं डावं. घराने रस्त्याकडे तोंड केलंय असं धरायचं आणि वैमानिकासारखं आत बसून बघायचं. मग साखर 'घराच्या उजवीकडच्या प्रेसमध्ये'. प्रेस म्हणजे कपाट, इथे सगळे तसंच म्हणतात. पार्सल घेऊन येणाऱ्या पोराने फोनवर विचारलं, दार कुठल्या बाजूला, तर काका त्याला हेच सगळं इंग्रजीत समजावत बसायचे. ते बिचारं "ग्रँड, ग्रँड" म्हणजे ठीक आहे, ठीक आहे म्हणत पार्सल शेजाऱ्यांकडे ठेवून पळून जायचं.

आणि कान! बसस्टॉपवर माझ्याबरोबर उभे राहिले तर येणाऱ्या बसचं नुसतं इंजिन ऐकून म्हणायचे, "हिचा पट्टा जाणार आहे आठवड्यात." कुणाच्याही बंद गाडीच्या बॉनेटवर हात ठेवायचे, ताप बघितल्यासारखा. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एका माणसाने रागावून विचारलं की माझ्या गाडीला हात का लावताय. काकांनी त्याला सांगितलं की तुमचा रेडिएटरचा पंखा चालू होत नाहीये. पुढची पंधरा मिनिटं तो माणूस आणि काका बॉनेट उघडून आत डोकं घालून उभे, आणि मी हातात वितळतं आइस्क्रीम घेऊन. मला लाज वाटायची. आता वाटते ती त्या लाजेची.

शेजारी मॉरीनबाई राहायच्या. हे बाई लावणं काकांचं. ऐंशीच्या जवळ आलेल्या, एकट्या, ताठ, तोंडाने फटकळ. त्यांची पाण्याची टाकी गळायला लागली म्हणून काका बघायला गेले. इथे गरम पाण्याची टाकी एका कपाटात असते. त्याला हॉट प्रेस म्हणतात, आणि टॉवेल-चादरी त्यातच ठेवतात, उबेला. त्या चादरींच्या मागे एक गुंडाळी होती. टाकी दुरुस्त करायला काकांना अर्धा तास लागला. गुंडाळी बघायला संध्याकाळ झाली.

त्या गुंडाळीत एका विमानाची ड्रॉइंग होती. कधीच न झालेल्या विमानाची.

मॉरीनबाईंचे वडील दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी समुद्रापलीकडे, इंग्लंडमध्ये एका विमान कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. तिथे त्यांनी विमानवाहू जहाजावरून उडणारं एक लढाऊ विमान काढलं. जेट अजून आलेली नव्हती. पंखा फिरवणारी पिस्टनची इंजिनं. काकांनी मला ते पहिल्यांदा समजावलं तेव्हा जेवणाच्या टेबलावर दोन बटाटे आणि एक चमचा ठेवला होता.

"समुद्रावर इंजिन बंद पडलं तर खाली उतरायला जागा नाही. म्हणून इंजिनं दोन हवीत. पण दोन पंखांवर दोन लावली तर विमान रुंद होतं, जहाजाच्या लिफ्टमध्ये मावत नाही. वर एक बंद पडलं की विमान एका अंगाला ओढतं, आणि तसं ओढणारं विमान हलत्या जहाजावर उतरवायचं म्हणजे संपलंच. मग ह्या माणसाने काय केलं?" त्यांनी एक बटाटा दुसऱ्याच्या मागे ठेवला. "दोन्ही पोटात. एकामागे एक. मधे वर वैमानिक, उंचावर, म्हणजे त्याला खालचं जहाज दिसतं. मागच्या इंजिनाचा दांडा त्याच्या सीटखालून पुढे येतो. नाकावर दोन पंखे, उलटसुलट फिरणारे. एक इंजिन मेलं तर त्याचा पंखा थांबतो, दुसरा ओढत राहतो. सरळ. नाकासमोर. वैमानिक घरी येतो!"

हे 'घरी येतो' म्हणताना त्यांचा आवाज जरा बदलायचा.

"मग बनवलं का नाही?" मी विचारलं.

"मागचं इंजिन तापलं म्हणे, गुंडाळीतच कारखान्याचं पत्र आहे. पुढच्याला समोरून वारा मिळतो. मागच्याला वारा नळीने आणून द्यावा लागतो. कारखान्याने छोटं मॉडेल करून चालवून बघितलं. मागचं भाजून निघालं. काम बंद, आणि ह्यांना घरी पाठवलं."

त्या माणसाने लिमरिकला परत येऊन उरलेली सगळी नोकरी गटारांचे आणि पुलांचे नकाशे काढण्यात घालवली. विमानाचं नाव घरात निघालं नाही. मरायच्या आधी बायकोला एवढंच म्हणाला, ती गुंडाळी जाळून टाक. तिने जाळली नाही, चादरींच्या मागे सारली. आता मॉरीनबाईंच्या मुलीने आईला वॉटरफोर्डला आपल्याकडे न्यायचं ठरवलं होतं. घर विकायचं होतं. जायच्या आधी मॉरीनबाईंना एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. त्या काकांना म्हणाल्या, "त्याचं चुकलं होतं का, तेवढं सांगा. चुकलं असेल तर मी गुंडाळी स्टोव्हमध्ये घालते. त्याची शेवटची इच्छा होती. पण चुकलं नसेल तर मी जाळणार नाही, त्याने स्वतः येऊन सांगितलं तरी."

काका 'बघतो' म्हणाले. दुसरा कुणी असता तर त्या वयाच्या बाईला म्हणाला असता, नाही हो, चुकलं कसलं, तुमचे वडील काळाच्या पुढे होते. काम झालं असतं. काकांना ते सुचलंसुद्धा नाही.

त्यांनी गॅरेजमध्ये सांगाडा बांधायला घेतला. उडणारं मॉडेल नव्हे. फक्त विमानाचं पोट, लहान मापाचं, पत्र्याचं. पुढे एक इंजिन, मागे एक, ड्रॉइंगप्रमाणे धुराचे पाइप, ड्रॉइंगप्रमाणे हवेची नळी, समोरून वारा सोडायला एक मोठा ब्लोअर आणि मागच्या इंजिनावर तापमानाचा काटा. इंजिनं दोन्ही गवत कापायच्या यंत्रांची. एक आमचं, एक मॉरीनबाईंचं. दोन्ही घरांपुढे गवत गुडघ्यापर्यंत वाढलं. काकू म्हणायच्या, "लोक विचारतात, गवत का कापत नाही? काय सांगू, आमचं मशीन नेव्हीत भरती झालंय!"

कुणी विचारलं, काय काका, कुठवर आलं तुमचं विमान, तर म्हणायचे, "विमान येणार नाही. ते आलं नाही, म्हणून तर काम आहे." त्यांनी एकदाही त्याला 'माझं' म्हटलं नाही. ड्रॉइंगवरच्या एखाद्या बारीक रेघेवर बोट न टेकवता, वरूनच फिरवत म्हणायचे, "बघा, साहेबांनी इथे बोल्टच्या डोक्याला जागा सोडलीय. पाना फिरला पाहिजे. खाली काम करणाऱ्याचा विचार केलाय." कधी न भेटलेल्या माणसाला ते साहेब म्हणायचे, आणि मला तो माणूस शेजारच्या खोलीत बसलाय असं वाटायचं.

तोवर माझं मास्टर्स संपून इथल्याच एका कंपनीत मला नोकरी लागली होती. हॉस्पिटलात लागणाऱ्या वस्तूंचे सुटे भाग करतात तिथे. खोली मी सोडली नाही. आता मला कुणी विचारलं की का नाही सोडलीस, तर खरं कारण सांगते: मला शेवट बघायचा होता.

सांगाडा चालू झाला आणि मागचं इंजिन तापलं.

सहा मिनिटांत काटा काकूंच्या नेलपॉलिशने काढलेल्या लाल रेघेच्या पलीकडे गेला. काकांनी बंद केलं, गार होऊ दिलं, परत चालू केलं. सहा मिनिटं. त्यांनी ब्लोअर बदलला, तेल बदललं, पुढचं इंजिन मागे आणि मागचं पुढे लावून पाहिलं. जे मागे, ते तापायचं. असं तीन महिने. ते बोलेनासे झाले. मॉरीनबाई कुंपणापाशी दिसल्या की काका घराच्या मागच्या दाराने जायला लागले. एकदा त्या मला थेट म्हणाल्या, "तुमचा तो माणूस मला टाळतोय. म्हणजे उत्तर मिळालंय त्याला."

शेवटी महिन्याच्या अखेरीस त्या जाणार हे पक्कं झालं, तेव्हा काकांनी त्यांना सांगितलं, येत्या रविवारच्या पुढच्या रविवारी या, दाखवतो. आणि मला सगळी ड्रॉइंग दिली.

"तुम्ही तपासा. माझी वही बघायची नाही. गॅरेजमध्ये यायचं नाही. ड्रॉइंगवरून तुम्हाला काय दिसतं ते काढा."

"काका, तुम्ही इतक्या वेळा केलंय..."

"करणाऱ्यानं पाहिलेलं धरत नाहीत. मी एका माणसाला चुकलास म्हणणार आहे. एकट्याने म्हणणार नाही."

मी आठवडाभर ऑफिसमधून आल्यावर लॅपटॉपवर ते पोट पुन्हा उभं केलं. धुराचं पान सोपं होतं, त्यावर शब्दांतच लिहिलं होतं की पुढच्या इंजिनाचा सगळा धूर उजव्या अंगाने बाहेर. मग मागच्या इंजिनाच्या नळीचं पान. ती डाव्या अंगाला आली. छान, मी म्हटलं, इकडे धूर, तिकडे हवा. मॉडेल पूर्ण करून शुक्रवारी मी गॅरेजमध्ये गेले. काकांच्या सांगाड्यावर नळी उजवीकडे होती. धुराच्या मागे, त्याच अंगाला.

माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? माझंच चुकलं. काका चुकतील हे माझ्या डोक्यात मावतच नव्हतं. मी वर खोलीत गेले आणि माझी नळी उजवीकडे फिरवायला बसले. एक क्लिक. केली असती तर दोघांचं जुळलं असतं, मी सही केली असती आणि गुंडाळी स्टोव्हमध्ये गेली असती. हे लिहितानाही मला कसंतरी होतं. पण ती क्लिक करायच्या आधी मला माझी चूक कुठे झाली हे सापडेना. ती सापडली नाही म्हणून, केवळ म्हणून, शनिवारी सकाळी चहाच्या वेळी मी म्हटलं, "काका, मला नळी डावीकडे येतेय."

"चुकलं तुमचं," ते म्हणाले. कप खाली ठेवला. मग म्हणाले, "पान आणा."

त्या पानावर दोन चित्रं होती. एक विमानाच्या पोटाचं लांब, आडवं, नाक डावीकडे. आणि नाकाच्या बाजूला, शेजारी, एक गोल चित्र, टोकाकडून पाहिलेलं. प्रश्न एवढाच की कुठल्या टोकाकडून? आपल्याकडे ड्रॉइंग शिकवतात त्या रीतीने नाकाच्या बाजूला काढलेलं चित्र म्हणजे शेपटीकडून पाहिलेलं. जगात दुसरीही रीत आहे. तिच्यात नाकाच्या बाजूचं चित्र म्हणजे नाकाकडूनच पाहिलेलं. एका रीतीने जे डावं, ते दुसरीत उजवं. पुण्यात मीही पहिलीच रीत शिकले होते. पण कंपनीत रोज दुसऱ्या रीतीची ड्रॉइंग बघून डोळ्याला तीच सवय झाली होती, आणि मी दुसरी रीत वापरतेय हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. काकांना तर दुसरी रीत मनात यायचं कारणच नव्हतं. ह्या कामासाठी त्यांनी आणलेली सगळी जुनी पुस्तकं पहिल्याच रीतीची होती.

"पण साहेबांची रीत कुठली?" मी विचारलं. पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

काका पानावर वाकले. गोल चित्रात, नळीच्याच बाजूला, खाली दोन बारीक आडव्या रेघा होत्या. काकांनी आपली वही उघडली. त्या रेघांपुढे त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवलं होतं: 'कागदाचा डाग'.

त्यांनी ते दोन शब्द खोडले. मग म्हणाले, "पायरी आहे ही. वैमानिकाला वर चढायची." आणि अगदी हळू, "वैमानिक डावीकडून चढतो. नेहमी. मला हे कोणी सांगायला नको होतं हो. ज्या अंगाने माणूस चढतो त्या अंगाला धूर सोडणार कोण?"

ज्या माणसाने घरातल्या साखरेचंसुद्धा डावं-उजवं चुकू दिलं नाही, त्याने तीन महिने त्या इंजिनाला धूर पाजला होता.

ते स्टुलावर बसले. चेहरा पार उतरला होता. "तीन महिने मी त्या माणसाला चुकीचा म्हणत होतो," ते म्हणाले. "मनात. रोज. चहा पितानासुद्धा."

मला त्यांची फार दया आली. मी म्हटलं, "काका, मॉरीनबाईंना हे सांगायची काय गरज आहे? नळी बदला आणि रिझल्ट दाखवा. तुमचं चुकलं होतं हे त्यांना कुठे कळणारे?"

"मला कळलंय ना," ते म्हणाले आणि कात्री घेऊन पत्रा कापायला उठले.

उजव्या अंगाचं भोक बुजवून डाव्या अंगाला पाडायचं, नळी नव्याने वळवायची, सगळं पुन्हा बसवायचं. त्यांना आठ दिवस होते. त्यांनी ते काम स्वतः केलं आणि प्रत्येक स्क्रू मला तपासायला लावला, पण एकदाही 'घट्ट केलाय' म्हणाले नाहीत.

रविवारी दुपारी मॉरीनबाई चर्चच्या कपड्यांत आल्या, काखेत गुंडाळी. त्यांना खुर्ची दिली. गॅरेजचं दार उघडं होतं, बाहेर भुरभुर पाऊस. काकांनी ब्लोअर लावला, मग पुढचं इंजिन, मग मागचं. त्या आवाजात बोलता येत नव्हतं. आम्ही सगळे काट्याकडे बघत होतो. सहा मिनिटं झाली. दहा झाली. काटा रेघेच्या अलीकडे येऊन थांबला आणि हलेना. वीस मिनिटांनी काकांनी दोन्ही बंद केली.

पुढचं बोलणं इंग्रजीत झालं, मी आपल्या भाषेत सांगते.

"म्हणजे तो बरोबर होता," मॉरीनबाई म्हणाल्या.

"नळी बरोबर होती," काका म्हणाले. "सबंध विमान उडलं असतं का, मला माहीत नाही. तो लांब दांडा थरथरला असता का, तेही नाही. ते मी पाहिलेलं नाही. मागचं इंजिन तापलं नसतं, एवढं मी पाहिलं. हिने पण पाहिलं."

"मग कारखान्यात का तापलं?"

"माहीत नाही."

काकांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. तीन महिने, उजवी बाजू, डाग म्हणून सोडलेल्या दोन रेघा. काही वगळलं नाही. "तुमच्या वडिलांनी काढलं होतं, मी उलटं वाचलं. त्यांचं चुकलंय असं मी तुम्हाला सांगणार होतो. ह्या मुलीने मला थांबवलं."

मॉरीनबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. "मग त्या कारखान्यातल्यांनीही तसंच उलटं वाचलं असेल?"

मी मनातल्या मनात ओरडत होते, हो म्हणा काका, एकदा तरी हो म्हणा.

"मी तिथे नव्हतो," काका म्हणाले. "माझं मात्र चुकलं. मला माफ करा."

त्या रडल्या नाहीत. त्या वेगळंच काहीतरी सांगायला लागल्या. घरात काही मोडलं, दिवा गेला, कुणाची गाडी चालू झाली नाही, शेजाऱ्यांची कोंबडी मेली, तरी त्यांचे वडील आधी म्हणायचे, माझंच काहीतरी चुकलं असेल. "आम्ही पोरं हसायचो त्याला. माझा भाऊ नक्कल करायचा. आई एकदा आमच्या अंगावर ओरडली होती, तेव्हाही कळलं नाही."

मग त्या उठल्या. "गाडी काढा. मला त्याच्याकडे जायचंय."

दफनभूमी गावाबाहेर होती. मी मागे बसले, त्या पुढे, गुंडाळी मांडीवर. दगड साधा होता, नाव आणि दोन सालं. मॉरीनबाई दगडापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तशा मोठ्याने म्हणाल्या, "बाबा, ती नळी ठीक होती. ऐकलंस? ठीक होती. मी जाळणार नाहीये."

मग त्या बाजूला झाल्या आणि काकांकडे बघितलं. काकांनी टोपी काढली. डोक्यावर पाऊस पडत होता. ते इंग्रजी विसरले असावेत, कारण ते मराठीत बोलले.

"चूक माझी होती, साहेब," ते म्हणाले. "तुमची नव्हती."

"काय म्हणाला तो?" मॉरीनबाईंनी मला विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी पुढे होऊन काकांचा ओला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "हे त्याला आजवर कुणीच म्हटलं नव्हतं," त्या म्हणाल्या.